‘क्वांटायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (नांदेड)
मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गातली बरीच मुलं मुखेड, कंधार, देगलूरकडची, मराठी माध्यमातून दहावी झालेली. पल्स कोड मॉड्युलेशनमध्ये (पीसीएम, म्हणजे आवाज अंकांत बदलून पाठवण्याची पद्धत) सॅम्पलिंगला, म्हणजे ठरावीक वेळानं व्होल्टेज मोजण्याला, ‘नमुने घेणं’ म्हटलं की त्यांना लगेच समजतं. पुढं क्वांटायझेशनपाशी गाडी अडते. एका टिपणात ‘पुंजीकरण’ वाचलं, हिंदीत ‘प्रमात्रीकरण’ आहे, कुणी ‘स्तरीकरण’ सुचवलं. यातला कुठला शब्द घ्यावा?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मॅडम, पुंजीकरण नको. पुंजभौतिकीतल्या (क्वांटम फिजिक्समधल्या) पायऱ्या निसर्गाच्या आहेत, अणूतला इलेक्ट्रॉन अधल्यामधल्या ऊर्जेवर राहूच शकत नाही. माइकमधून येणारं व्होल्टेज मात्र कुठल्याही किमतीचं असू शकतं. पातळ्या आपण आखतो आणि प्रत्येक नमुना जवळच्या पातळीवर नेऊन बसवतो. पातळीचा क्रमांक लिहायला 8 बिट (0 किंवा 1 असे अंक) असतील तर 256 पातळ्या, सीडीसारखे 16 बिट असतील तर 65,536. ‘पुंज’ म्हटलं की मुलं भलतीकडंच जातात. स्तरीकरणात खडकांचे थर आठवतात. प्रमात्रीकरण मराठी कानाला काहीच सांगत नाही.

मी ‘पातळीनिश्चिती’ म्हणेन. क्रियापदही सरळ मिळतं: नमुना पातळीला बसवला.

शब्द कुठलाही घ्या, पण सॅम्पलिंग आणि क्वांटायझेशन दोन्हींना मिळून ‘अंकीकरण’ म्हणून मोकळं होऊ नका. टेलिफोनवरचा आवाज 300 ते 3400 हर्ट्झमध्ये बसवलेला असतो आणि त्याचे सेकंदाला 8000 नमुने घेतात. सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून हे जास्त आहेत, म्हणून नुसत्या नमुन्यांवरून मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. तिथं काही हरवत नाही. हरवतं ते पातळीला बसवताना, आणि ते परत मिळत नाही. दोन पातळ्यांमधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत चूक होऊ शकते, आणि ती खरखर म्हणून ऐकू येते. एक बिट वाढवला की पातळ्या दुप्पट होतात, चूक निम्मी होते, आणि संदेश खरखरीच्या तुलनेत सुमारे 6 डेसिबलनं वर येतो.

उत्तर (अंबाजोगाई)
पातळीनिश्चितीला माझं अनुमोदन. शिकवण्यासाठी एक सुचवते. ज्या घरांत जुनी मापं अजून आहेत तिथली मुलं हे हातानं करून बघू शकतील. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे बिटांचीच रचना! ज्वारीचा ढीग घ्या आणि मोठ्या मापापासून सुरुवात करा. शेर भरला तर 1. उरलेल्यात मापटं भरत नसेल तर 0. चिपटं भरलं, 1. कोळवं भरलं, 1. झाला 1011, म्हणजे 11 कोळवी. चार मापांत 0 ते 15 अशा सोळा पातळ्या मिळतात. क्रमाक्रमानं जवळ जाणारे एडीसी (व्होल्टेजचे अंक करणारे परिपथ) नेमके याच क्रमानं काम करतात, सर्वांत मोठ्या बिटापासून.

शेवटी खाली जे दाणे उरतात ती क्वांटायझेशनची चूक. दाणे सोडून दिले तर चूक जवळजवळ एका कोळव्यापर्यंत जाईल. अर्ध्या कोळव्याहून जास्त उरले की पुढचं कोळवं धरायचं असं ठरवलं, तर ती अर्ध्यावर येते. वर सरांनी सांगितलेलं ‘निम्मं अंतर’ ते हेच.

उत्तर (परभणी)
टेलिफोन खात्यात नोकरी झाली, म्हणून वापरातलं सांगतो. आमच्याकडं ‘पीसीएम’ हे पद्धतीचं नाव कमी आणि वस्तूचं जास्त होतं. ‘या मार्गावर आणखी दोन पीसीएम लागतील’ म्हणजे तीस-तीस बोलण्यांचे दोन जोड. एका बोलण्याला 8000 गुणिले 8, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. असे 32 कप्पे, त्यातले 30 बोलण्याचे, एक ताळमेळाचा, एक सिग्नलिंगचा. मिळून 2.048 मेगाबिट.

पातळीनिश्चिती चालेल, कारण त्यात पातळ्या सारख्या अंतरावर हव्यात असं कुठं म्हटलेलं नाही. टेलिफोनमध्ये त्या सारख्या नसतात. सारख्या ठेवल्या तर मोठ्यानं बोलणाऱ्याचं छान ऐकू येतं आणि हळू बोलणाऱ्याचं बोलणं चार-दोन पातळ्यांतच अडकून खरखरीत होतं. म्हणून शून्याजवळ पातळ्या दाट, वर विरळ. भारतात आणि युरोपात त्यासाठी ए-लॉ नावाचा नियम वापरतात, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ.

क्वांटायझेशन नॉइजला, म्हणजे पातळीला बसवताना होणाऱ्या चुकीला, ‘गोंगाट’ म्हणू नये. नुसतं ‘खरखर’ म्हटलं तरी घोटाळा होतो, कारण रेडिओवर मध्यम लहरींवरचं परभणी केंद्र ऐकताना वीज कडाडली की येते ती खरखर वाटेत मिसळलेली असते. अॅलेक रीव्हज यांनी 1937 मध्ये पॅरिसला पीसीएमची कल्पना मांडली ती ही वाटेतली खरखर साचू नये म्हणूनच. स्पंद (पल्स) आहे की नाही एवढंच ओळखायचं असल्यानं प्रत्येक टप्प्यावर तो कोरा करून पुढं पाठवता येतो. त्या बदल्यात सुरुवातीलाच थोडी चूक पत्करावी लागते, ती ही. तिला ‘पातळीदोष’ म्हणा.

प्रश्न (नांदेड)
सर्वांचे आभार. परीक्षेत संज्ञा इंग्रजीच येणार, म्हणून फळ्यावर ‘क्वांटायझेशन म्हणजे पातळीनिश्चिती’ लिहीन आणि समजावताना पातळी, पातळीदोष वापरीन. कोळवं-चिपटंही वर्गात नेते. आता पल्सचं एक राहिलं. मुलं ‘नाडी’ लिहितात. चालेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
नाही, तिथं ‘स्पंद’च. नाडी वैद्याकडं ठेवू. मॉड्युलेशन मात्र तसंच राहू द्या, पीसीएममध्ये वाहक लहरीवर काही चढवायचं नसतंच, त्यामुळं तिथं मराठी शब्द घातला तर उलट गैरसमज होईल.