गाड्यांच्या विश्वासार्हतेची सर्वेक्षणं : निःपक्षपाती की नुसती लोकप्रियता?

शंकेखोर :
गाडी घ्यायची म्हटली की लोक कन्झ्युमर रिपोर्ट्सचे आकडे तोंडावर फेकतात. ही अमेरिकन संस्था १९३६ पासून आहे, जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते. सगळं मान्य. पण विश्वासार्हतेचा आकडा चाचणीतून येत नाही, तो सभासदांच्या उत्तरांतून येतो. गेल्या १२ महिन्यांत तुम्हाला 'गंभीर' वाटलेला बिघाड झाला का, असं विचारतात. गंभीर कशाला म्हणायचं ते मालकानंच ठरवायचं! ज्याचा ब्रँडवर जीव आहे तो खडखड कानाआड करतो. ज्याचा आधीच भ्रमनिरास झालाय तो तीच खडखड लिहून ठेवतो.

जुना_ड्रायव्हर :
लाखो गाड्यांची माहिती असते हो त्यात. आणि ब्रँडचा लळा इतका जबरदस्त असता तर २००७ साली टोयोटाला दणका बसलाच नसता. कॅमरी व्ही-६ आणि टुंड्राच्या एका मॉडेलचे आकडे सरासरीखाली आले, तेव्हा नव्या टोयोटांची आपोआप शिफारस करणं याच संस्थेनं थांबवलं. टोयोटाच्याच मालकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या ना?

शंकेखोर :
लाखो माणसं एकाच बाजूला झुकली तर आकडा मोठा होतो, कल जात नाही. जनरल मोटर्सची जिओ प्रिझ्म गाडी आठवा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या कारखान्यात टोयोटाच्या कोरोलाशेजारीच बनायची, जवळपास तीच गाडी, बिल्ला वेगळा. तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात कोरोलाला भाव जास्त.

जुना_ड्रायव्हर :
तो बाजारभाव झाला, सर्वेक्षण नव्हे. भाव घेणारा ठरवतो, बिघाड वापरणारा सांगतो. उदाहरण चुकलं तुमचं.

शंकेखोर :
बरं, चुकलं. पण सर्वेक्षण भरणारा माणूसही त्याच बाजारातून आलेला असतो, एवढंच म्हणायचंय.

बोनेट_उघडा :
तुम्ही दोघं एकाच संस्थेवर अडलात. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीचा सुरुवातीच्या दर्जाचा अभ्यास पहिल्या ९० दिवसांपुरता असतो आणि दर १०० गाड्यांमागे तक्रारी मोजतो. फोन जोडला जात नाही, एक तक्रार. गिअरबॉक्स बसला, तीही एकच! माझ्या गाडीतला टचस्क्रीनचा पडदा पहिल्याच महिन्यात दोनदा गोठला. गाडी बंद करून चालू केली की ठीक. असा फॉर्म माझ्यापुढे आला असता तर मी ते इमानदारीत लिहिलं असतं, आणि त्या तक्त्यात माझी धडधाकट गाडी इंजिन गेलेल्या गाडीच्या पंगतीला बसली असती. शिवाय कंपनीला तो पुरस्कार जाहिरातीत मिरवायचा तर परवाना शुल्क भरावं लागतं. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही, पण गिऱ्हाईक कोण हे विसरू नका.

शंकेखोर :
म्हणूनच मला जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबची पद्धत बरी वाटते. रस्त्यात गाडी बंद पडली, मदतीची गाडी गेली, नोंद झाली. कुणाच्या मताचा संबंध नाही.

जुना_ड्रायव्हर :
आणि कंपनीनं स्वतःची मदतसेवा दिली असेल तर ती गाडी एडीएसीच्या वहीत येईलच असं नाही! २०१४ मध्ये याच एडीएसीला लोकप्रिय गाडीच्या पुरस्कारात मतांचे आकडे फुगवल्याची कबुली द्यावी लागली होती. तो कौल वेगळा, बिघाडांची नोंद वेगळी, हे कबूल.

बोनेट_उघडा :
मी एकूण गुण बघतच नाही. इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग एवढे रकाने बघतो, तेही तीन-चार वर्षं जुन्या मॉडेलचे. पडद्याबद्दल लोक काय वाटेल ते लिहोत.