इंग्रजांनी फोटो काढले म्हणून आभार मानायचे?

बोरूबहाद्दर: 'इंग्रजांनी फोटो काढले नसते तर आपले पणजोबा कसे दिसायचे तेही कळलं नसतं, जरा आभार माना', कालच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. साहेब, ते तुमचे पणजोबा नव्हते, नमुने होते. जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरचे मुंबईतल्या जातीजमातींवरचे दोन खंड बघा, १८६३ आणि १८६६. माणसं स्टुडिओत उभी करायची आणि मागे देऊळ नाहीतर घाट दुसऱ्याच फोटोतला चिकटवायचा. 'पीपल ऑफ इंडिया' या सरकारी फोटोग्रंथाचे तर आठ खंड, एका माणसाचा चेहरा दाखवून अख्खी जमात हट्टी, अडाणी ठरवून मोकळे.

रास्तापेठी: पोस्ट माझीच. सगळं इंग्रजांच्या माथी कशाला? मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण, हे कॅमेरा घेऊन उभे होतेच की. आणि बनाव म्हणाल तर आमच्या पणजीच्या फोटोत नथ, तोडे, सगळं शेजारच्या वाड्यातून मागून आणलेलं. घरात खायची मारामार. तोही वसाहतवाद का?

माहेरवाशीण: अहो पण मागायला पणजी स्वतः गेली ना! जॉन्सनच्या फोटोतल्या बाईला कोणी विचारलं? खाली नाव नाही, नुसती जात.

रास्तापेठी: नथीवरून आठवलं, पणजीची नथ उजव्या नाकपुडीत दिसते. आपल्यात डावीकडे असते.

माहेरवाशीण: मग निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलाय. फ्रेम काढून नीट बघा.

रास्तापेठी: थांबा, काढतो... हो, उलटाच! साठ वर्षं भिंतीवर उलटी पणजी.

माहेरवाशीण: आमच्याकडेही आजेसासूबाईंचा तपासते आता. नथ एवढी की ओठ दिसत नाही, मेलीनं कोणाची मागितली देव जाणे.

बोरूबहाद्दर: नथीचा धागा वेगळा काढा हो! १८६९ला सर सय्यद अहमद खान, पुढे अलीगढचं कॉलेज काढणारे, लंडनला इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्तानचा कारभार बघणाऱ्या कचेरीत, हेच 'पीपल ऑफ इंडिया' बघत होते, सोबत मुलगा. एका इंग्रज तरुणानं मुलाला विचारलं, तू हिंदुस्तानी का? तो लाजेनं लालबुंद. हो म्हणाला, आणि लगेच जोडलं की आमचे पूर्वज बाहेरून आलेत. हे फळ त्या फोटोंचं.

रास्तापेठी: म्हणजे त्यालाही फोटोतल्यांच्या पंगतीत बसायचं नव्हतं. तो माज कॅमेऱ्यानं दिला की घरून आणला?

बोरूबहाद्दर: ...घरून. पण कॅमेऱ्यानं त्यावर शिक्का मारला.

रास्तापेठी: बरं बुवा, आभार मागे घेतले, खूश? आता कोणीतरी सांगा, पणजी सुलटी करून मिळते का कुठे, आणि किती घेतात.