आठ आठवड्यांच्या पिल्लाचे जुलाब: जंत की पार्वो?

प्रश्न
दहा दिवसांपूर्वी आणलेले आमचे गावठी पिल्लू अंदाजे आठ आठवड्यांचे असून त्याला अद्याप लस दिलेली नाही. परवापासून त्याला जुलाब होत आहेत. काल शीमध्ये शेवयांसारखे दोन जंत दिसले, म्हणून जंताचे औषध दिले. मात्र आज सकाळपासून ते दोनदा ओकले, खाण्याला तोंड लावत नाही आणि शीला रक्ताची लाली आहे. औषधाचा परिणाम होईपर्यंत दहीभातावर ठेवावे का?

प्रतिसाद १
कृपया वाट पाहू नका, आजच पशुवैद्यांकडे न्या. हे गोल जंत पिल्लाला बहुधा आईच्या पोटात असतानाच किंवा नंतर दुधातून मिळतात, म्हणूनच दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्यावे लागते. परंतु जंत सापडले म्हणजे पार्वो (कुत्र्यांचा संसर्गजन्य विषाणूजन्य आजार) नाही असे मुळीच नाही, कारण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब आणि मलूलपणा एकत्र आला की पार्वो धरूनच चालावे. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या पेशी नष्ट करतो, शिवाय रक्तातील पांढऱ्या पेशीही घटतात, त्यामुळे आतड्यातले जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असतो. उपचाराचा मुख्य आधार सलाईन आहे. ओकणाऱ्या पिल्लाला बळजबरीने भरवू नका आणि माणसांची जुलाब थांबवणारी गोळी तर देऊच नका. दवाखान्यात त्याला जमिनीवर सोडू नका, तिथे इतरही पिल्ले येतात.

प्रतिसाद २
शीचा ताजा नमुना सोबत न्या. आमच्या पिल्लाची पार्वोची तपासणी निगेटिव्ह आली होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) सापडले, ज्यांच्यावर नेहमीच्या जंताच्या औषधाचा उपयोग होत नाही. पार्वो निघाल्यास फरशीला फिनेलवर विसंबू नका. आधी घाण धुऊन काढा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशी किमान दहा मिनिटे ओली ठेवा. अंगणातल्या मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो.

प्रश्नकर्ती
आपण दोघांनी लगेच लिहिले, त्यामुळे दुपारीच गेलो. पार्वो निघाला. शिरेतून सलाईन सुरू आहे, उलट्या अजून थांबलेल्या नाहीत, पण हाक मारल्यावर त्याने मान उचलली. घरातल्या मोठ्या कुत्रीचे वार्षिक लसीकरण झालेले आहे, तरीही तिला वेगळे ठेवले आहे.