‘सिग्नल’ला सांगावा म्हणावं का?

कराडहून प्रश्न : बीएस्सीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. भ्रूण घडवणाऱ्या जनुकांचे सिग्नल मोठेपणी बिघडले की कर्करोग कसा होतो, हा विषय. ‘पेशीसंकेतन’ लिहिलं, पण ते मुलांच्या तोंडी बसत नाही. आणि ‘हेजहॉग’ला साळिंदर जनुक म्हटलं तर चालेल का?

मिरजहून : साळिंदर मुळीच नको. 1980 साली क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीची जनुकं मांडली. त्यातलं एक मोडलं की अळी आखूड राही आणि पोटावर काटेच काटे उगवत, म्हणून ते हेजहॉग, म्हणजे एक छोटा काटेरी प्राणी. (1995 च्या नोबेलचे दोघेही मानकरी.) साळिंदर म्हणजे पॉर्क्युपाइन, आणि त्या नावाचं जनुक वेगळंच आहे! विंट प्रथिनाला मेदाम्ल जोडून ते त्याला पेशीबाहेर पडण्याजोगं करतं. भाषांतर केलंत तर मुलं दोन्ही जनुकं एकच समजतील. विंटलाही हात लावू नका. माशीतलं विंगलेस आणि उंदराच्या स्तनगाठींत सापडलेलं इंट-1 एकाच कुळातली निघाली, तेव्हा दोन्ही नावं जोडून हे नाव झालं.

तासगावहून : ‘सांगावा’ घ्या, अगदी मनापासून सांगते. आपण ‘माहेरी सांगावा धाडला’ म्हणतो, त्यात धाडणारं, नेणारं आणि ऐकून कामाला लागणारं असे तिघं आलेच. हेजहॉग प्रथिन एका पेशीतून निघतं आणि दुसरीच्या पॅच्ड या ग्राहीला, म्हणजे सांगावा घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. पॅच्ड एरवी स्मूदन्ड नावाच्या प्रथिनाला दाबून धरतं. सांगावा पोचला की ती पकड सुटते आणि केंद्रकातली जनुकं कामाला लागतात. गर्भातल्या हाताला करंगळीच्या बाजूने हा सांगावा जास्त मिळतो, त्यावर बोटं वेगवेगळी घडतात.

‘संकेत’ म्हटलं की आधी ठरलेली खूण डोळ्यांपुढे येते. त्यात कर्करोगातला घोटाळा सांगता येत नाही. पॅच्डच मोडलं तर सांगावा आलेला नसताना पेशी तो आल्यासारखी वाढत सुटते. त्वचेच्या बेसल सेल कर्करोगात बहुतेक वेळा हेच घडतं. मग धाडणाऱ्याला अडवून काय उपयोग? म्हणून 2012 मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं व्हिस्मोडेगिब हे औषध थेट स्मूदन्डला धरतं. ‘सांगावा’ शब्द हाताशी असला की हे मुलांना एका वाक्यात कळतं.

विट्याहून : पण नॉच या दुसऱ्या ग्राहीचं काय? तिथं नेणारं कुणीच नाही. दोन्हीकडची प्रथिनं आपापल्या पेशीच्या पटलात रोवलेली, अंगाला अंग लागल्याशिवाय बोलणं नाही. बांधावरून हाळी द्यावी एवढंही अंतर नसतं. त्याला मी ‘खुणावणं’ म्हणेन.

कराडहून : पटलं. नॉचपुरतं खुणावणं, बाकी सांगावा.

वाईहून : एक राहिलं. ‘भ्रूणजनुकं’ असं सुटं लिहू नका, जन्मानंतर ती झोपी जातात असा समज होतो. आपल्या आतड्याचं अस्तर साधारण 4-5 दिवसांत नवं होतं, ते विंटच्याच सांगाव्यावर. तो आवरता ठेवणारं एपीसी जनुक मोडलेलं असणं ही मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात असते. ‘भ्रूण घडवणारी जनुकं’ हे तुमच्या प्रश्नातलंच बरोबर आहे.