सरप्राइज माणसाला, धडकी पिल्लाला
भटक्या कुत्र्या-मांजरांच्या निधीसाठी वाढदिवसाला कुणाच्या तरी दारात अचानक पिल्लं नेऊन उभं राहायचं, ही कुणीतरी सुचवलेली कल्पना भन्नाट आहे! उबरने २९ ऑक्टोबर २०१३ ला, अमेरिकेतल्या मांजरदिनी, असंच काहीसं केलं होतं. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅपवरून मागवलं की २० डॉलरांत मांजराची पिल्लं १५ मिनिटं थेट ऑफिसात हजर. पैसे प्राण्यांच्या निवाऱ्यांना. पिल्लू आवडलंच तर दत्तकही घेता येई.

मला त्यातली १५ मिनिटांची मर्यादाच सगळ्यात शहाणपणाची वाटते. आमच्याकडे बुटाच्या खोक्यातून आलेले बोकोबा पहिले दोन तास फ्रिजमागे दडून होते, दिसत होतं ते फक्त शेपटीचं टोक. आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडून ‘ये रे, ये रे’ करतोय, आणि तिकडून फक्त फिस्स!

तेव्हा आठ आठवड्यांच्या आतलं, लस न झालेलं पिल्लू आईपासून उचलूच नका. आणि घरातल्या एकाला तरी आधी गुपचूप विचारून ठेवा. कुणाला अ‍ॅलर्जी निघाली तर देणगी राहिली बाजूला, शिंका मोजत बसाल.