आबांनी पुन्हा उभं राहावं का?

गिरणाथडी (भडगाव तालुका)

मंडळी, प्रश्न घरातला आहे. गावात मांडला की लगेच त्याचं राजकारण होतं, म्हणून इथे विचारतोय.

माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, थेट निवडून आलेले सरपंच आहेत. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे आणि ते त्यांनी कमावलेलं आहे. गिरणेचं आवर्तन सुटलं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं का, हे रात्री बॅटरी घेऊन बघणारा माणूस. शाळेच्या नव्या खोल्यांसाठी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या.

निवडून आल्यावर त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. साखर जुनीच होती. आता आठवड्यातून दोन-तीनदा जळगावला डायलिसिस. चार तास मशीनवर, जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. घरी आले की बाजेवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी धड बोलत नाहीत.

खरा त्रास याच्या पुढे आहे. सरपंचाची डीएससी, म्हणजे ज्या डिजिटल सहीवर वित्त आयोगाचे पैसे सुटतात ती, पॅनलच्या एका पोराकडे असते. पासवर्डही त्यालाच ठाऊक. कोणतं बिल निघालं ते आबांना मागून कळतं, कधी कळतच नाही. गटारीचं बिल पूर्ण निघालं आणि गटार मारुतीच्या पारापाशी येऊन थांबली. लोक आबांना विचारतात तेव्हा आबा खाली बघतात. हे बघवत नाही हो.

उपसरपंचाकडे कारभार द्या म्हटलं की पॅनल उसळतं. सरपंच आमचा, पण सदस्यांत बहुमत समोरच्यांचं, म्हणून उपसरपंच त्यांचा. त्यामुळे गावात सांगायचं काय, तर आबांची जरा शुगर वाढलीय. जळगावला निघाले की कलेक्टर ऑफिसात काम आहे. आता मुदत संपत आलीय आणि पॅनल म्हणतं, आबांशिवाय सीट निघत नाही. आबांनाही उभं राहायचंय. मी विषय काढला तर म्हणाले, "मनी सही चालस ना, मंग बस." (माझी सही चालते ना, मग झालं.)

कायदा अडवतो का? आणि अडवत नसेल तर घरच्यांनी अडवावं का?

चोपडेकर मास्तर

दादा, आजारी माणसाला घरी बसवायची घाई करू नका. २००४ साली शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला, तो ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत. त्यानंतर ते सलग १० वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. त्यांचं राजकारण पटो न पटो, त्या वेळी "तुम्ही आता आराम करा" म्हणणारे चुकले असते की नाही? रूझवेल्ट पोलिओने पायांनी अधू झाले आणि मग अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक चार वेळा जिंकले.

डायलिसिसवरची माणसं नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, मग सरपंचकी का नाही? आजाराचं नाव बघून माणूस बाद करायला लागलो तर उद्या साखर आणि बीपीवालेही बाद करावे लागतील. मग आपल्या जिल्ह्यात पन्नाशीच्या पुढचा उमेदवार मिळणार नाही. मतदारांना ठरवू द्या.

यावलची लेक

मास्तर, मतदारांनी ठरवावं हे मान्य. पण त्यांना माहीत कुठे आहे? दादांनी लिहिलंय ना, शुगर वाढलीय असं सांगतात म्हणून.

मी नर्स आहे, डायलिसिस युनिटवर काम केलंय. मशीनवरून उतरल्यावर बीपी पडतं, पायांत गोळे येतात, डोकं जड होतं. काहींना फार त्रास होत नाही, काहींचा पूर्ण दिवस जातो. त्या अवस्थेत कुणी पुढे केलेल्या कागदावर सही करणाऱ्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. कागद पुढे करणाऱ्याला मात्र मी सोडणार नाही.

गोव्याचं आठवा. मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. उपचारांसाठी अमेरिकेला गेले तेव्हा तीन मंत्र्यांची समिती नेमली, पण मुख्यमंत्रिपद कुणाला दिलं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे त्यांच्याच आरोग्यमंत्र्यांनी उघडपणे सांगितलं ते ऑक्टोबरअखेर. आणि सप्टेंबरमध्ये काय झालं? फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर हे दोन मंत्री आजारी म्हणून मंत्रिमंडळातून काढले, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः दिल्लीत एम्समध्ये होते. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी अर्थसंकल्प मांडला, १७ मार्चला गेले. त्या माणसाच्या जिद्दीपुढे मी हात जोडते. पण त्यांना तिथे बसवून ठेवणाऱ्यांना त्यांची काळजी होती की सरकारची, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

पुण्याच्या आमदार मुक्ता टिळक कॅन्सरने आजारी असताना जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या मतदानाला अँब्युलन्समधून मुंबईला गेल्या. डिसेंबरात वारल्या. त्या स्वखुशीने गेल्या असतील, त्यावर मी बोलणार नाही. पक्षाने मात्र "ताई, तुम्ही येऊ नका" म्हणायला हवं होतं. दादा, तुमचं पॅनल तसं म्हणणार नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.

चोपडेकर मास्तर

ताई, मग उमेदवारी अर्जासोबत डॉक्टरचा दाखला मागायचा का? फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ १९८१ मध्ये निवडून आले ते तब्येतीचं पत्रक नियमित काढू असं सांगून. त्याच वर्षी कॅन्सर निघाला आणि १९९२ पर्यंत जनतेला पत्ता नव्हता. पत्रकं निघत होती, सगळं छान म्हणून. दाखला काय, आपल्याकडे कसलाही मिळतो.

अप्पा, निवृत्त ग्रामसेवक (पारोळा)

कायद्याचं आधी सांगतो. आजारी आहे म्हणून कुणालाही उमेदवारी नाकारता येत नाही. आमदार-खासदारांच्या बाबतीतही घटनेत फक्त न्यायालयाने मनोविकल ठरवलेल्या माणसाची अपात्रता आहे. शरीराच्या आजाराचा उल्लेखच नाही. परवानगीशिवाय ६० दिवस सभागृहात आलं नाही तर सभागृह जागा रिक्त ठरवू शकतं, एवढंच.

पण ग्रामपंचायतीत सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही. सरपंच सलग १५ दिवसांहून जास्त गावात नसेल किंवा काम करायला असमर्थ असेल तर त्याचे अधिकार उपसरपंच वापरतो. १९५८ च्या अधिनियमातच आहे. सभांना येणं होत नसेल तर पंचायतीकडून रजा मंजूर करून घेता येते. विनारजा सलग सहा महिने सभा चुकल्या तर सदस्यत्वच जातं. म्हणजे आजारी सरपंचाला रजा घेऊन बरं होऊन परत येण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे.

आता डीएससी. ती दुसऱ्याच्या खिशात असणं हा आजाराचा प्रश्नच नाही. मी धडधाकट सरपंचांच्या डीएससीही ठेकेदारांकडे बघितल्या आहेत. सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीने पैसा निघतो, त्यामुळे तुमचा ग्रामसेवकही यात डोळे मिटून आहे. उद्या चौकशी लागली तर वसुली निघेल ती आबांवर. पॅनलचं पोरगं कागदावर कुठेच नाही. हे त्यांना याच शब्दांत सांगा.

गिरणाथडी

अप्पा, ताई, मास्तर, सगळ्यांचं वाचून काल आबांशी बोललो. मशीनचा दिवस नव्हता, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन अंगणात बसले होते. मी निवडणुकीचं काढलंच नाही. वसुलीचं सांगितलं आणि विचारलं, गटारीच्या बिलावर सही तुम्ही केली का?

खूप वेळ बोलले नाहीत. मग त्या पोराला फोन लावून डीएससी घरी आणून द्यायला सांगितलं. तो टाळाटाळ करत होता. आबांनी आवाज चढवला, किती तरी दिवसांनी.

माझं मत आता पक्कं आहे. त्यांना उभं राहायचं असेल तर राहावं, पण आधी ग्रामसभेत उभं राहून सांगावं की मी डायलिसिसवर आहे, अमुक दिवशी मी गावात नसतो, त्या दिवशी सही होणार नाही. एवढं ऐकून लोकांनी मत दिलं तर मी स्वतः प्रचाराला फिरेन. लपवून उभे राहणार असतील तर घरातून माझा विरोध राहील, पॅनलने कितीही नावं ठेवली तरी. काकू माझ्या बाजूने आहेत. आबांनी अजून हो म्हटलेलं नाही.

अप्पा, एक विचारायचं राहिलं. रजा नको, राजीनामाच द्यायचा असं उद्या त्यांनी ठरवलं तर तो कुणाकडे द्यायचा? उपसरपंचाकडे का?

अप्पा, निवृत्त ग्रामसेवक (पारोळा)

नाही. सदस्याचा राजीनामा सरपंचाकडे जातो, सरपंचाचा पंचायत समितीच्या सभापतींकडे. लेखी द्यायचा, आबांनी स्वतः सही करायची आणि पोच घ्यायची. पण त्याआधी वित्त आयोगाच्या खात्यावरून निघालेल्या सगळ्या बिलांची यादी ग्रामसेवकाकडून लेखी मागून घ्या. राजीनाम्यानंतर ती मिळवायला तुम्हाला माहिती अधिकार टाकावा लागेल.