पोकरचं बँकरोल हळूहळू वाढवायचंय, सोलापुरात बसून जमेल का?

दोरा_आणि_डाव

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. उन्हाळ्यापासून मोबाइलवर फुकटच्या चिप्सवर टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतोय. नुसता टाइमपास नाही, कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची याचा तक्ता पाठ केलाय, पॉट ऑड्स, म्हणजे किती घातले तर किती मिळू शकतात ते प्रमाण, काढता येतं. आता वाटतंय की थोड्या पैशांपासून सुरुवात करून शिस्तीत वाढवत न्यावं.

बँकरोल म्हणून, म्हणजे फक्त खेळासाठी, दिवाळी बोनसमधले २५,००० बाजूला काढलेत. घरी माहीत आहे, कर्ज नाही, हे गेले तरी चूल बंद पडणार नाही. पण गेलेले नकोच आहेत.

दोन मित्रांचे दोन सल्ले. एक म्हणतो परदेशी साइटवर टाक, तिथं अगदी कमी पैशांची बारीक टेबलं असतात. दुसरा म्हणतो होटगी रोडवरून आता गोव्याचं विमान आहे, जा आणि तिथल्या कॅसिनोत दोन रात्री खेळून ये. मला दोन्ही पटत नाहीत, पण तिसरा रस्ता दिसत नाही. कुणी तरी शून्यातून दहा हजार डॉलर केले होते असं ऐकलंय. ते खरं का? आणि मी बरा खेळतो की नुसता नशिबानं जिंकतोय, हे कळतं कसं?

मुनीम_साखरपेठ

भावा, पहिला मित्र आधी निकालात काढू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी पैशांची टेबलं गुंडाळली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद कायद्यानं बाजूलाच ठेवला. पैसे लावून ऑनलाइन म्हटलं की बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून तुझा मित्र शूर झालाय. पण उद्या त्या साइटनं पैसे अडवले तर चौकीत जाऊन काय लिहून देणार?

तू ऐकलेली गोष्ट खरी आहे. ख्रिस फर्ग्युसन, २००० सालचा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता. त्यानं २००६ मध्ये फुकट स्पर्धांपासून सुरुवात केली, खिशातला एक पैसा न घालता. पहिले काही डॉलर जमायलाच कित्येक महिने गेले. हा भाग सांगताना सगळे गाळतात. जगज्जेता माणूस आणि दोन-चार डॉलरसाठी हजारो फुकट्यांच्या गर्दीत बसलेला! त्याचे नियम साधे होते. कॅश टेबलवर (जिथं कधीही बसता-उठता येतं) किंवा छोट्या एका टेबलाच्या स्पर्धेत एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही. मोठ्या स्पर्धेला २ टक्के. आणि कॅश टेबलवर आपल्यासमोरचे पैसे एकूण रकमेच्या १० टक्क्यांच्या वर गेले की ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच पाळीपाळीनं लावायची सक्तीची रक्कम) आपल्यावर आला की उठायचं. अगदी सुरुवातीच्या चिल्लर टेबलांना तेवढी सूट होती.

पहिला नियम सगळ्यांना समजतो. तिसरा पाळताना जीव जातो. जिंकत असताना, हात चालत असताना उठायचं, ते का? तर समोर तेवढाच जाड गठ्ठा असलेला कुणी बसला असेल, तर एका डावात तुझा दहावा हिस्सा जाऊ शकतो. हरताना उठायला माणूस कसाबसा शिकतो, जिंकताना उठणं कुणी शिकवत नाही.

(ज्या साइटवर त्यानं हे केलं, त्या फुल टिल्टवर १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारनं कारवाई केली आणि लोकांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. फर्ग्युसन स्वतः त्या कंपनीच्या संचालकांत होता. परदेशी साइटवाल्या मित्राला हेही वाचून दाखव.)

आता दुसरा मित्र. तुझ्या २५,००० चे ५ टक्के म्हणजे १,२५०. शंभर बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांतला मोठा) घेऊन बसायचं तर बिग ब्लाइंड झाला साडेबारा रुपये. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर साडेबारा रुपयांच्या ब्लाइंडचं टेबल कोण लावणार? समजा टेबल शंभर-दोनशेच्या ब्लाइंडचं आहे. शंभर ब्लाइंड म्हणजे वीस हजार. असे वीस बाय-इन (बसताना घ्यायची रक्कम) मागे हवेत, म्हणजे चार लाख. तू पंचवीस हजार घेऊन गेलास तर तुझ्याकडे बँकरोल नाही, एक तिकीट आहे. सहलीचा खर्च समजून जात असशील तर खुशाल जा, मासे खा, पण त्याला बँकरोल वाढवणं म्हणू नको.

म्हणजे अडचण तुझ्या शिस्तीत नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्याच आपल्याकडे आता नाहीत. शिस्त मात्र पैशांशिवायही शिकता येते. ती कशी, ते वेळ मिळाला की लिहितो. मार्चअखेर आहे, मालक डोक्यावर उभे आहेत.

बाळीवेस_एक्सप्रेस

काय करलालास बे हे? पंचवीस हजारात शंभर किलो शेंगा घे, चटणी कुटून पुण्याला पाठव. पाच टक्के, दोन टक्के काय बघायला नको, आठवड्यात पैसे फिरतात. आमच्याकडं दिवाळीला तीन पत्तीत गाडीची चावी टेबलवर ठेवलेले बघितलेत आम्ही. त्यांच्याकडं पण नियम होते म्हणे.

रिटर्न_भरते

कराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. तुमचा पगार करपात्र मर्यादेच्या खाली असला तरी हा कर लागतोच. आणि तोटा वजा होत नाही. म्हणजे वर्षात एकदा ४०,००० जिंकलात आणि दुसऱ्यांदा ५०,००० हरलात, तर खिशातून १०,००० गेलेले असतात, तरी कागदावर ४०,००० चं उत्पन्न दिसतं आणि त्यावर १२,४८० भरायचे असतात. विमानाचं भाडं, हॉटेल, काही वजा होत नाही.

जगातल्या बँकरोलच्या लेखांमध्ये हे नसतं, कारण ते आपल्या कायद्यासाठी लिहिलेले नसतात. माझ्याकडे येणाऱ्यांना हे जुलैत कळतं. तुम्हाला आत्ता कळलं.

सरासरी_सर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, पोकर फक्त उदाहरणांपुरता खेळतो.

नो-लिमिट (कितीही लावता येणाऱ्या) होल्डेममध्ये दर १०० डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीच्या वर-खाली किती हलतो त्याचं माप, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ९० धरू. तुम्ही खरोखर चांगले आहात आणि दर १०० डावांत सरासरी ५ ब्लाइंड जिंकता, असं मानू. १०,००० डावांनंतर अपेक्षा ५०० ब्लाइंड जिंकल्याची, पण विचलन ९०० चं. म्हणजे चांगला खेळूनही इतक्या डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के. एक लाख डाव खेळलात तर ती ४ टक्क्यांवर येते. समोरासमोरच्या टेबलवर तासाला २५ ते ३० डाव होतात, त्यामुळे नुसते १०,००० डावच साडेतीनशे-चारशे तासांचे. गोव्याच्या दोन रात्रींतून तुम्हाला तुमच्याबद्दल काहीही कळणार नाही, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

५ टक्क्यांचा फायदाही यातूनच दिसतो. दर वेळी शिल्लक रकमेच्या ५ टक्के घेऊन बसलात आणि सलग दहा वेळा सगळं गमावलंत, तरी सुमारे ६० टक्के रक्कम हातात राहते. तेच २५ टक्क्यांनी केलंत तर सहा टक्केसुद्धा धड उरत नाहीत. मात्र हे विसरू नका: तुमची सरासरीच उणे असेल, तर ५ टक्क्यांचा नियम फक्त बुडायला उशीर लावतो.

दोरा_आणि_डाव

सर, मॅडम, मुनीमकाका, सगळ्यांचे आभार. शेंगाचटणीवाल्या भाऊंचेही, घरी त्यांचाच सल्ला सगळ्यात आवडला.

पटलं. गोवा रद्द, साइट रद्द. पण फुकटच्या चिप्सवर शिस्त कशी शिकणार? तिथं पहिल्याच डावाला तिघं सगळ्या चिप्स पुढे ढकलतात. पानं टाकून कुणी फोल्ड करत नाही. मीही दोनदा हरलो की तिसऱ्यांदा ढकलून देतो, कारण चार तासांनी ॲप परत चिप्स देतं.

मुनीम_साखरपेठ

रोग बरोब्बर ओळखलास. चिप्स फुकट असणं वाईट नाही, त्या न संपणं वाईट.

आम्ही पाच-सहा जण रविवारी माझ्या गच्चीवरच्या खोलीत बसतो. पैसा अजिबात नाही, नाल (खेळ बसवणाऱ्याचा वाटा) नाही. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि घरात लोक बसवून नाल काढली की त्या घराचा अड्डा होतो, म्हणून हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. पण खातं मात्र पक्कं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की प्रत्येकाच्या नावावर २,००० गुण जमा. पुढच्या यात्रेपर्यंत तेवढेच. संपले की तो माणूस जानेवारीपर्यंत पत्ते पिसतो आणि वाटतो. उधार नाही, उचल नाही. खातेवही लाल कापडी बांधणीची, धाग्याच्या व्यापाराला वापरतो तीच.

बसताना १०० घेऊन बसायचं, ब्लाइंड एक-दोन. ५ टक्के झाले. समोरचा गठ्ठा २११ च्या वर गेला की उठायचं, कारण तिथं एकूण शिलकीचा दहावा हिस्सा ओलांडतो. शिल्लक १,००० वर आली तर ५० घेऊनच बसायचं, मग तो कितीही मोठा शहाणा असो. आमच्यातला एक बँकेतला साहेब आहे, त्याला ५० घेऊन बसायला लाज वाटायची. गणपती येईपर्यंत त्याचे गुण संपले आणि तो पत्ते वाटायला लागला.

आता वहीतलं एक पान दाखवतो, म्हणजे मी कशाला शिस्त म्हणतो ते कळेल. रकाने: तारीख, जागा, पानं, काय केलं, का केलं, शेवट. 'शेवट' हा रकाना सगळ्यात अरुंद आहे, मुद्दाम. एका नोंदीत आमच्या एका मित्राच्या हातात अठ्ठ्यांची जोडी. पुढच्यानं १२ केले, त्याच्यामागे अजून ६० शिल्लक. यानं कॉल केला, म्हणजे तेवढेच १२ घातले. 'का केलं' मध्ये लिहिलंय: 'तिसरी अठ्ठी आली तर सगळं घेऊ.' फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) तिसरी अठ्ठी आली, सगळं घेतलं, टाळ्या. आणि खाली मी लाल पेनानं लिहिलंय 'चूक'. का? जोडीवर तिसरं पान फ्लॉपला साडेआठ वेळांत एकदा येतं. म्हणजे घातलेल्या १२ मागे निदान ९० मिळायला हवेत, तेही बरोबरी व्हायला. समोर होते त्याचे १२, दोन ब्लाइंडचे ३ आणि मागचे ६०. सगळे मिळाले तरी ७५, आणि दर वेळी सगळे थोडेच मिळतात? त्याचं म्हणणं, मी जिंकलो ना! तो वाद आमच्याकडे अजून चालू आहे.

सर म्हणतात ते यातूनच सुटतं. लाख डाव आपण जन्मात खेळणार नाही, त्यामुळे शिलकीवरून आपण चांगले की वाईट हे ठरत नाही. पण 'का केलं' हा रकाना तीन महिन्यांत बोलायला लागतो. कुणाच्या रकान्यात 'वाटलं म्हणून' किती वेळा आलंय ते मोजलं की पुरे. रात्री नऊनंतरच्या नोंदींत ते वाढतं, म्हणून आता आम्ही नऊला उठतो.

मोबाइलवर एकट्यानं करायचं असेल तर हेच कर. ॲप काय देतं ते विसर, वहीत स्वतःचे २,००० लिही आणि ॲपमधल्या चिप्स त्या प्रमाणात मोज. ढकलणाऱ्यांची तक्रार करू नको. ते वाईट खेळतात, आणि वाईट खेळणाऱ्यांसमोर गप्प बसून चांगल्या पानांची वाट बघता येते का, हेच तर बघायचंय. वहीतले संपले की ॲप काढून टाकायचं, ठरवलेल्या तारखेपर्यंत.

आणि ते पंचवीस हजार बँकेत एफडी कर. कुठं लावायचेत म्हणून राखून ठेवलेस तर रोज खाजवत राहतील.

या वर्षीची खाती कधीच उघडली आहेत, पण एक जागा आहे, बँकेतले साहेब बदली होऊन गेले. तुला २,००० नाही मिळणार, महिन्यांच्या हिशेबानं कमी मिळतील. रविवारी चारला ये. निरोपात पत्ता पाठवतो. येताना कडक भाकरी घेऊन ये, चटणी बाळीवेस_एक्सप्रेस आणतील.

बाळीवेस_एक्सप्रेस

मला कोण विचारलं बे? आणतो. पण मला तीन पत्तीच येते.

मुनीम_साखरपेठ

मग पत्ते वाटा.